आकाशातली ऊ आणि गच्चीवरचं विमान

दर सहा-आठ महिन्यांनी घरी बनवलेल्या विमानाचा तो व्हिडिओ येतोच. कुठल्यातरी गावातली पत्र्याची शेड, जुन्या मारुतीचं इंजिन, वेल्डिंग केलेल्या पाइपांचा सांगाडा आणि मधोमध बसलेला पंचविशीतला पोरगा. त्याच्यामागोमाग दोन ठरलेल्या टोळ्या येतात. एक म्हणते, आयआयटीवाल्यांना जमलं नाही ते या दहावी नापासानं करून दाखवलं, आणि सरकार बघा, त्यालाच अडवतंय. दुसरी म्हणते, विमान म्हणजे काय ट्रॅक्टरची ट्रॉली आहे का? हे मरायचे धंदे आहेत, ज्याचं काम त्यानं करावं. २०२१ च्या ऑगस्टमध्ये यवतमाळ जिल्ह्यात असाच एक तरुण कारागीर स्वतः बनवलेल्या हेलिकॉप्टरची चाचणी घेताना पात्याचा फटका बसून गेला. त्या आठवड्यातही हाच वाद ह्याच शब्दांत झाला. एका टोळीनं त्याला हुतात्मा केलं, दुसरीनं मूर्खात काढलं. त्याच्या हातात बांधणीचा नकाशा कुठला होता, आणि ते पातं फिरायच्या आधी कुणा जाणत्यानं डोळ्यांखालून घातलं होतं का, हे दोन साधे प्रश्न मात्र मला कुठेच वाचायला मिळाले नाहीत.

माझं मत आधीच सांगून टाकतो. सामान्य माणसाला घरी विमान बांधायचा आणि ते उडवायचा हक्क असला पाहिजे. कुणा मंत्र्याच्या मेहेरबानीनं मिळणारा अपवाद मला नको, नियमात लिहिलेला हक्क हवा. पण ‘जुगाड’ या शब्दाचं जे कौतुक आपल्याकडे चालतं, त्याच्याशी या हक्काचा काडीचा संबंध नाही. उलट जुगाडाचं कौतुक हेच या हक्काच्या आड येतंय. आणि हे मांडायला मी साक्षीला बोलावणार आहे तो माणूस माझ्या बाजूला थोडा अडचणीचाच आहे. कारण त्याच्या विमानानं माणसं मारली.

आंरी मिन्ये, जन्म १८९३, गाव फ्रान्समधलं सँत. पहिल्या महायुद्धात बिनतारी संदेशाच्या कामावर होता. विमानाचं वेड पोरवयापासूनचं; पहिलं ग्लायडर १९१२ च्या सुमाराचं. म्हणजे हा काही विमानशास्त्र शिकलेला इंजिनियर नव्हे, आणि चांगला वैमानिक तर नव्हेच. नेहमीच्या विमानात हातातल्या दांड्यानं नाक वर-खाली करायचं, त्याच दांड्यानं पंखांच्या टोकाच्या झडपा हलवून विमान कलतं करायचं, आणि त्याच वेळी पायांनी शेपटीचं सुकाणू सांभाळायचं. हातापायांची ही कसरत आपल्याला धड जमली नाही, हे मिन्ये उघडपणे सांगे. दुसरा कोणी असता तर त्यानं शिकवणी लावली असती. मिन्येनं विमानच बदललं. पुढे एक पंख, त्याच्या पाठीला जवळजवळ लागून दुसरा. मागचा घट्ट बसवलेला, पुढचा बिजागरीवर हलणारा. दांडा मागे ओढला की पुढचा पंख तिरका होऊन विमान वर. दांडा डावी-उजवीकडे केला की सुकाणू वळणार. झडपा नाहीत, पायाखाली काही नाही. सायकल येते त्याला हे येईल, असा हिशेब.

या विमानाचं कागदावरचं नाव एचएम-१४. चौदा हा आकडा बोलका आहे. त्याच्या आधी तेरा खटपटी झाल्या होत्या, आणि त्यातल्या बऱ्याचशा फसल्या होत्या. एचएम-८ मात्र जमलं होतं, त्याच्या नकाशांवरून लोकांनी विमानं बांधलीही होती. एचएम-१४ सप्टेंबर १९३३ मध्ये उडालं. पंखांचा पसारा जेमतेम ६ मीटर, लाकूड, प्लायवूड, सरस आणि कापड, आणि पुढे मोटारसायकलच्या जातीचं १७ अश्वशक्तीचं इंजिन. नाव ठेवलं ‘पू-दू-सिएल’, म्हणजे आकाशातली ऊ. फोर्डची स्वस्त मॉडेल टी गाडी फ्रान्समध्ये ‘रस्त्यावरची ऊ’ म्हणून हिणवली जायची. दिसायला कुरूप, सगळीकडे पसरलेली आणि काही केल्या न हटणारी. मिन्येनं तीच शिवी मिरवली. इंग्रजांनी पुढे उवेची पिसू केली. आपल्याकडे ‘आकाशातली ऊ’ असं नाव कुणी पोटच्या पोराच्या खेळण्यालाही ठेवणार नाही, पण त्या नावात सगळा कार्यक्रम आला होता: फोर्डनं रस्त्यावर केलं ते आपण आभाळात करायचं.

१९३४ च्या अखेरीस त्यानं पुस्तक काढलं. लाकूड कसं निवडायचं, सरस कसा लावायचा, कुठला खिळा कुठे, कापड कसं ताणायचं, इंजिन कुठून मिळवायचं, पहिल्यांदा धावपट्टीवर नुसतं पळवायचं कसं आणि मग उडायचं कसं, सगळं आकृत्यांसह. खोकं खिळवता येणाऱ्याला विमान बांधता येतं, अशा थाटात. त्याच १९३४ साली आपल्याकडे इंग्रज सरकारनं विमान कायदा आणला. ‘विमान’ या शब्दाच्या व्याख्येत त्या कायद्यानं फुगा आणि ग्लायडरबरोबर पतंगसुद्धा घातला, आणि २०२४ मध्ये नवा कायदा येईपर्यंत तो नव्वद वर्षं टिकला. एकीकडे घरोघरी विमान व्हावं म्हणून पुस्तक, आणि दुसरीकडे संक्रांतीचा पतंगही ज्याच्या व्याख्येत अडकतो असा कायदा, दोन्ही एकाच साली. योगायोगच, पण मला तो विसरता येत नाही.

१९३५ मध्ये पुस्तकाचं इंग्रजी भाषांतर आलं आणि सहा हजार प्रती हातोहात गेल्या. ऑगस्टमध्ये मिन्ये स्वतः आपली ऊ घेऊन इंग्लिश खाडी ओलांडून गेला. मग काय विचारता! गॅरेजात, चर्चच्या सभागृहात, दुकानाच्या मागच्या खोलीत लोक पंख चिकटवू लागले. एकट्या ब्रिटनमध्ये शंभरावर उवा नोंदल्या गेल्या. या विमानांना नेहमीचं प्रमाणपत्र मिळणं शक्यच नव्हतं, म्हणून तिथल्या हवाई खात्यानं एक वेगळीच ‘उडायची परवानगी’ काढली. तिच्याकडे पुन्हा येऊ.

१९३६ उजाडलं आणि माणसं मरू लागली. फ्रान्समध्येही आणि ब्रिटनमध्येही. आणि मरणारे सगळेच नवशिके नव्हते. ब्रिटिश हवाई दलातले कसलेले वैमानिकही त्यात होते. सगळ्यांची गोष्ट सारखीच. विमान नाक खाली करून सूर मारतं, वैमानिक दांडा पोटाशी ओढतो, आणि नाक वर यायच्या ऐवजी आणखी खाली जातं. थेट जमिनीपर्यंत.

इथे ‘ज्याचं काम त्यानं करावं’ म्हणणाऱ्यांची बाजू भक्कम आहे, आणि ती पूर्ण ताकदीनिशी मांडली पाहिजे. मिन्येनं इंजिनियरांची टिंगल केली. सरकारी, बड्या कारखान्यांची विमानविद्या म्हणजे साध्या माणसाला दूर ठेवायचं कारस्थान, असा त्याचा सूर होता. आणि ज्या गोष्टीचा त्याला थांगपत्ता नव्हता, तीच गोष्ट त्याच्या आकृतीत दडून बसली होती. ज्यांनी त्याच्यावर विश्वास ठेवून, संध्याकाळी बायकामुलांसमोर पंखांना सरस लावला, त्यांच्या हाती त्यानं ती दिली. हजारो लोकांसमोर ‘कुणालाही जमेल’ म्हणण्याआधी आपल्याला किती कळतं हे तपासायची जबाबदारी त्याची होती, आणि ती त्यानं पाळली नाही. मिन्येवर प्रेम करणारे पुढे म्हणाले की लोकांनी जड इंजिनं बसवली, मनानं मापं बदलली, तोल बिघडवला. खरंय; पण पुस्तक विकताना लोक असं करणारच, हे न कळायला तो काही दूधखुळा नव्हता.

पण दोष नेमका होता कुठे? स्वस्तात? प्लायवूडमध्ये? लोहारसुतारांच्या हातात? दोन्ही देशांच्या सरकारांनी सुदैवानं यावर भाषणं न करता काम केलं. ब्रिटनमध्ये फार्नबरोला २४ फूट व्यासाचा नवा विंड टनेल, म्हणजे वाऱ्याचा बोगदा, नुकताच तयार झाला होता. ऊ इतकी लहान, की प्रतिकृती करायचीही गरज पडली नाही. आख्खं विमानच बोगद्यात टांगलं. फ्रान्समध्ये शाले-मदाँच्या मोठ्या बोगद्यातही तेच झालं. उत्तर निघालं ते पंखांच्या जवळिकीत. पुढचा पंख तिरका केला की त्याची मागची कड आणि मागच्या पंखाची पुढची कड यांच्यात एक चिंचोळी फट राहते. त्या फटीतून वारा जोरानं घुसतो आणि मागच्या पंखाची उचल वाढवतो. मागचा पंख वर उचलला म्हणजे नाक खाली. साधारण १५ अंशांच्या पुढे नाक खाली गेलं की दांडा कितीही ओढा, विमान सावरायला लागणारा जोरच उरत नाही. सावरायला जे करायचं, त्यानंच बुडायचं.

हीच आकृती ॲल्युमिनियमची करून नामांकित कारखान्यानं विकली असती, तरी तिनं याच कोनात याच रीतीनं जीव घेतला असता. मारलं ते भूमितीनं. घरचा सरस, सुताराची पटाशी, मोटारसायकलचं इंजिन यांचा त्यात काही हात नव्हता. तेव्हा ‘स्वस्त म्हणून धोकादायक’ हा निष्कर्ष मिन्येच्या विमानावरून काढणारे त्या विमानाची चौकशी न वाचताच काढतात. उलट, ही चूक सापडली कशी ते बघा. शेकडो लोकांनी एकच नकाशा वापरला होता, म्हणून सगळे अपघात एकसारखे दिसले. नकाशा छापलेला होता, म्हणून सरकारी शास्त्रज्ञांना काय तपासायचं ते माहीत होतं. यवतमाळच्या त्या मुलाच्या यंत्रातली चूक त्याच्याबरोबरच संपली. दुसऱ्या गावातल्या दुसऱ्या मुलाला तिच्यातून काहीही शिकता येणार नाही, कारण त्या यंत्राचा नकाशा असलाच, तरी तो माझ्या तरी बघण्यात आलेला नाही.

आणि ‘सरकार अडवतंय’ म्हणणाऱ्या टोळीलाही हीच गोष्ट लागू आहे. मिन्ये कितीही हुशार असता, तरी त्याच्या अंगणात फार्नबरोचा बोगदा मावला नसता. हौशी माणसाच्या बुद्धीला ज्या ठिकाणी मर्यादा पडली, तिथे राज्याची यंत्रणाच कामी आली. ‘सरकार आड येतं’ हे वाक्य टाळ्या घेतं, पण १९३६ मध्ये सरकार आडवं आलं नसतं तर आणखी किती जणांनी त्या कोनात दांडा ओढला असता? मिन्येनंही शेवटी पंखांमधलं अंतर आणि तोल बदलून आपली आकृती सुधारली. ब्रिटनमध्ये मात्र ऊ बदनाम झाली ती झालीच. परवानग्या बंद झाल्या आणि अर्धवट बांधलेले पंख माळ्यावर गेले.

मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते इथून पुढचं. दोन्ही देशांनी यातून ‘घरी विमान बांधणं बंद’ असा धडा घेतला असता तर कुणी नाव ठेवलं नसतं. तसं झालं नाही. महायुद्ध संपताच, १९४६ मध्ये, दोन्हीकडे हौशी बांधणाऱ्यांच्या संघटना उभ्या राहिल्या. फ्रान्समधल्या संघटनेनं तर नावच मिन्येच्या पुस्तकावरून घेतलं. ब्रिटनमधल्या संघटनेकडे तिथल्या हवाई खात्यानं हळूहळू तपासणीचं काम सोपवलं. आज तिथे तुम्ही विमान बांधायला घेतलं, तर संघटनेचा तपासनीस टप्प्याटप्प्यानं तुमच्या गॅरेजात येतो. पंख कापडानं झाकायच्या आधी आतला सांगाडा बघतो, सही करतो, मगच पुढे जायचं. तपासनीस बहुधा स्वतःही कधीकाळी असंच विमान बांधलेला. त्याच्याशी भांडता येतं, चहा पिता पिता शंका विचारता येतात. आकृतीचा अभ्यास संघटनेच्या इंजिनियरांनी आधीच करून ठेवलेला असतो. मिन्येच्या पुस्तकात जे नव्हतं ते नेमकं हे: तुमच्या आणि नकाशाच्या मध्ये उभा राहणारा तिसरा माणूस.

अमेरिकेची गोष्ट आणखी गमतीची. तिथेही तीसच्या दशकात नियम आवळत गेले, आणि घरी बांधलेलं विमान उडवता येईल असं ऑरेगन हे जवळपास एकच राज्य उरलं. १९४७ मध्ये जॉर्ज बोगार्डस नावाचा ऑरेगनचा माणूस आपलं घरी बांधलेलं इवलंसं विमान घेऊन देशाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला, थेट वॉशिंग्टनला गेला. अधिकाऱ्यांसमोर विमान उभं केलं: हे बघा, इतकं लांब आलं, तुटलं नाही. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला हौशी बांधणीचा स्वतंत्र वर्ग नियमांत आला, आणि १९५३ मध्ये विस्कॉन्सिनमध्ये पॉल पोबेरेझ्नीनं काही मित्रांना जमवून संघटना काढली. तिचा पसारा आज जगभर आहे.

त्या नियमाची रचना मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडे ‘परवानगी द्या’ आणि ‘देऊ नका’ यांच्या मध्ये काही असू शकतं हेच कुणाच्या डोक्यात नसतं. विमानाचं निम्म्याहून जास्त काम हौशी माणसानं स्वतःच्या शिक्षणासाठी किंवा करमणुकीसाठी केलेलं असावं. विमानावर ठळक अक्षरांत ‘प्रायोगिक’ असं लिहावं, आणि हे यंत्र कारखान्याच्या विमानासारखं प्रमाणित नाही अशी सूचना शेजारी बसणाऱ्याला दिसेल अशी लावावी. सुरुवातीचे २५ ते ४० तास ठरवून दिलेल्या हद्दीतच, गर्दीच्या वस्तीपासून दूर आणि प्रवासी न घेता उडवावं. भाडं घेऊन माणसं वाहू नयेत. दरवर्षी तपासणी. यातली एकही अट विमान बांधायला बंदी करत नाही. प्रत्येक अट फक्त चूक झाली तर ती कुणाच्या अंगावर पडेल हे ठरवते. आज अमेरिकेत अशी तीसएक हजार विमानं आहेत.

आता आकडे. विरोधकांचा हा सर्वांत मजबूत मुद्दा आहे आणि तो खोटा नाही. अमेरिकेच्या अपघात तपास मंडळानं २०१२ मध्ये या विमानांचा मुद्दाम अभ्यास केला. खासगी आणि छोट्या विमानांच्या ताफ्यात त्यांचा वाटा सुमारे १० टक्के, पण २०११ मधल्या अपघातांत सुमारे १५ आणि प्राणघातक अपघातांत २१ टक्के. म्हणजे इतकी सगळी शिस्त लावूनसुद्धा घरी बांधलेलं विमान कारखान्याच्या विमानापेक्षा धोकादायकच आहे. जो कोणी याच्या उलट सांगतो तो तुम्हाला काहीतरी विकतोय.

त्यात जॉन डेन्व्हरचं उदाहरण. हा जगप्रसिद्ध गायक ऑक्टोबर १९९७ मध्ये कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात कोसळला. विमान होतं लाँग-ईझी. बर्ट रुटान या नामवंत विमानकाराची आकृती, आणि आकृतीत खोट नव्हती. पण मूळ बांधणाऱ्यानं इंधनाची टाकी बदलायची कळ नकाशात दाखवलेल्या जागी, वैमानिकाच्या पायांमध्ये न बसवता डाव्या खांद्याच्या मागे नेली होती. डेन्व्हरनं ते विमान नुकतंच जुनं म्हणून विकत घेतलं होतं. कळ फिरवायला वळायचं म्हणजे पट्ट्यात अडकलेलं शरीर पिळायचं. नकाशा चांगला असूनही माणूस गेला. मग मी ज्या नकाशाचे एवढे गोडवे गातोय त्याचा उपयोग काय?

हा प्रश्न मला अवघड वाटतो, आणि त्याचं जे उत्तर माझ्याकडे आहे ते अर्धवट आहे. नकाशा एकटा पुरत नाही; नकाशापासून केलेली प्रत्येक फारकत कुणाच्या तरी नजरेखालून जायला हवी, आणि ब्रिटनची टप्प्याटप्प्याची तपासणी अमेरिकेच्या मोकळीकीपेक्षा मला इथे शहाणपणाची वाटते. त्याच मंडळाच्या अभ्यासात दिसलं, की बरेच अपघात विमानाच्या अगदी सुरुवातीच्या उड्डाणांत होतात, आणि दुसऱ्यानं बांधलेलं विमान विकत घेणारेही त्यात बरेच असतात. इंजिन बंद पडणं आणि ताबा सुटणं ही मुख्य कारणं. म्हणजे धोका सगळीकडे सारखा पसरलेला नाही, तो काही ठरावीक जागी गोळा होतो. आणि जो धोका गोळा होतो त्याला कुंपण घालता येतं. नव्या मालकाला आधी जाणत्याबरोबर शिकायला लावा, पहिल्या उड्डाणाआधी इंधनाची वाट तपासा. पण ‘२१ टक्के’ हा आकडा यानं शून्य होणार नाही. मोटारसायकलचाही होत नाही. आपण मोटारसायकलला परवाना देतो, हेल्मेटसाठी दंड करतो आणि मुलाला गाडी घेऊन देतो. स्वतःचा जीव स्वतःच्या हौसेसाठी काही प्रमाणात पणाला लावायचा हक्क आपण गिर्यारोहकाला देतो, समुद्रात पोहणाऱ्याला देतो. मग आभाळ तेवढं वेगळं का?

‘आभाळाखाली इतर माणसं असतात म्हणून’ हे त्याचं खरं उत्तर, आणि आपल्या देशात हा मुद्दा अमेरिकेपेक्षा जड आहे. मिनेसोटाच्या शेतावरून उडणं वेगळं आणि कांदिवलीवरून उडणं वेगळं. इथे मी पूर्ण माघार घेतो: कुठल्याही शहरावरून असं विमान उडू नये. पण राज्यात धुळे, कराड, यवतमाळ अशा छोट्या धावपट्ट्या आहेत, आणि त्यांच्याभोवती मोकळं रान आहे. ठरावीक हद्द आखून द्यायची तर ती तिथे आखता येईल.

याला आपल्याच घरातला दाखला आहे. मिन्येचा मूळ धंदा बिनतारीचा होता हे वर आलंच. रेडिओच्या सुरुवातीच्या काळात हौशी लोक घरी प्रक्षेपक बनवायचे. चुकीच्या लहरींवर गेलं तर जहाजांच्या संकटकालीन संदेशांत घोळ, म्हणजे इथेही दुसऱ्याच्या जिवाशी गाठ. सरकारांनी काय केलं? परीक्षा घेतली, ओळखीचं चिन्ह दिलं, लहरींचे ठरावीक पट्टे मोकळे ठेवले, आणि त्या पट्ट्यांत घरी बनवलेलं यंत्र चालवायला मुभा दिली. आपल्याकडेही हॅम रेडिओचा परवाना असाच मिळतो. २००१ च्या भूकंपात भुजमधून पहिले निरोप बाहेर काढणाऱ्यांत हे हौशी होते. रेडिओसाठी जे शहाणपण आपल्याला सुचलं, ते विमानासाठी सुचायला आपण कुणाची वाट बघतोय?

इथे ‘पण आपल्याकडे एकानं करून दाखवलंच की’ असं म्हणून कॅप्टन अमोल यादव यांचं नाव निघतं. निघायलाच हवं. चारकोपच्या घराच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान बांधलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातल्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते लोकांनी बघितलं. नोंदणी मिळायला २०१७ चा नोव्हेंबर उजाडला, आणि उडवून बघायची परवानगी मिळायला २०१९ चा ऑक्टोबर. यादव पेशानं वैमानिक, चिकाटी अफाट, आणि शेवटी वरच्या पातळीवरून लक्ष घातलं गेलं तेव्हा गाडं हललं. नोंदणीची अक्षरं व्हीटी-एनएमडी. त्यात पंतप्रधान आणि तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांची नावं आहेत. कृतज्ञता म्हणून ते समजू शकतं. पण पुढच्या माणसाला काय सांगायचं? तुला विमान बांधायचं असेल तर आधी वैमानिक हो, मग वर्षानुवर्षं हेलपाटे घाल, आणि कुणीतरी मोठा माणूस प्रदर्शनात तुझ्या विमानासमोर थांबेल अशी प्रार्थना कर? यादवांची फाइल हलली हे यंत्रणेचं यश म्हणून सांगतात. मला त्यात यंत्रणा दिसतच नाही. आणि एक गोष्ट भाबडेपणानं विसरली जाते: सहा माणसांचं, पुढे धंद्यासाठी बनवायचं विमान आणि एका माणसाचं हौसेचं विमान यांना एकच दार असू नये. पहिल्याला कडक तपासणी हवीच. दुसऱ्यासाठी वेगळं, बुटकं दार हवं, ज्यातून वाकून जावं लागेल पण जाता येईल.

आपल्याला वीरकथा फार लवकर लागते, हा यातला खरा आजार. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये चौपाटीवर विमान उडवलं, या कथेवर आपण अजून हमरीतुमरीवर येतो. २०१५ मध्ये मुंबईच्या विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानविद्येवर निबंध वाचला गेला तेव्हाही तेच. ज्या ग्रंथाचा आधार दिला जातो, त्यातल्या आकृत्या उडू शकत नाहीत हे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ मध्येच दाखवून दिलं होतं. मला तळपद्यांची कुचेष्टा करायची नाही. त्या काळात त्या विषयात हात घालणारा माणूस साधा नसणार. पण त्यांच्या यंत्राचं एक माप, एक आकृती आपल्या हाती नाही, आणि तरी त्यांचं नाव शाळकरी पोरांना पाठ. याउलट सांतोस-द्युमाँ या पॅरिसमध्ये राहणाऱ्या ब्राझीलच्या विमानकारानं १९०९ च्या सुमाराला ‘देम्वाझेल’ हे इवलं विमान केलं, पेटंट घेतलं नाही, नकाशे ज्याला हवे त्याला दिले, आणि १९१० मध्ये ते एका अमेरिकन मासिकात छापूनही आले. तिथून मिन्येपर्यंत, मिन्येपासून रुटानपर्यंत जी वाट गेली ती छापील मापांची वाट आहे. रुटाननं घरच्या घरी फोमवर काचतंतू चिकटवून पंख करायची रीत हौशी लोकांना शिकवली, आणि त्याच्याच ‘व्हॉयेजर’नं १९८६ मध्ये कुठेही न उतरता, इंधन न भरता पृथ्वीला फेरी मारली.

‘पण आपल्याला गरज काय?’ असंही विचारतात. एसटी वेळेवर येत नाही तिथे विमानाची हौस कसली. या विमानानं कुणाचीही वाहतूक सुधारणार नाही, हे मी कबूल करतो. मिन्येचं ‘आभाळातली फोर्ड’ हे स्वप्न फ्रान्समध्येही खरं झालं नाही. पण ज्या पोराला रात्री जेवण झाल्यावर शेडमध्ये जाऊन पाइप वेल्ड करायचा आहे, तो गरज विचारून जात नाही. तो जाणारच आहे. आज, उद्या, कुठल्यातरी तालुक्यात. बंदी त्याला थांबवत नाही. ती फक्त त्याला शेडचं दार आतून लावायला शिकवते.

तेव्हा मागणी एवढीच: एका-दोन आसनांच्या, धंद्याला न वापरायच्या विमानांसाठी स्वतंत्र वर्ग. त्यात तपासून मान्य केलेल्या आकृत्यांची यादी, आणि त्यांचे नकाशे मराठीत. दर दोन-तीन जिल्ह्यांमागे एक तपासनीस. निवृत्त वायुसैनिक, विमान दुरुस्तीचे तंत्रज्ञ आपल्याकडे कमी नाहीत. आणि ज्याला स्वतःचीच आकृती उडवायची आहे त्याची आकृती आधी एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विंड टनेलमध्ये. खर्च सरकारनं करावा.

ब्रिटनमधल्या त्या ‘उडायच्या परवानगी’कडे परत येतो. उवेसाठी काढलेली ती सोय ऊ गेल्यावरही मोडीत निघाली नाही. तिचाच वारसा सांगणारं ‘परमिट टू फ्लाय’ आज तिथे हजारो छोट्या विमानांना मिळतं, आणि दुसऱ्या महायुद्धातली जी खासगी मालकीची स्पिटफायर विमानं अजून तिथल्या आभाळात दिसतात, तीही याच कागदावर उडतात.